सोलापुरात आमच्या बँडचे शो असतात. बॅकिंग ट्रॅक लॅपटॉपवरून वाजतात. त्याबरोबर लाइट आपोआप कसे बदलायचे?

वेगळा लाइटवाला परवडत नसेल तर सोपा मार्ग मिडीचा (संगीताची उपकरणे आणि सॉफ्टवेअर एकमेकांना पाठवतात ते नोटांचे डिजिटल संदेश). एबलटन लाइव्ह या संगीताच्या सॉफ्टवेअरमध्ये गाण्याच्या ट्रॅकखाली एक मिडी ट्रॅक घ्या. मुखडा, अंतरा, ड्रम ब्रेक जिथे सुरू होतात तिथे एकेक नोट टाका. ती त्याच लॅपटॉपवर क्यूएलसी प्लस या लाइट चालवणाऱ्या सॉफ्टवेअरकडे पाठवा (दोन्हींमधली आभासी मिडी जोडणी विंडोजवर लूपमिडी देते, मॅकवर आयएसी). क्यूएलसी प्लस मोफत आहे. त्यात प्रत्येक नोटेला एक सीन (लाइटची ठरवून ठेवलेली स्थिती) जोडायचा आणि यूएसबी-डीएमएक्स इंटरफेसमधून (डीएमएक्स म्हणजे लाइट नियंत्रित करणारा सिग्नल) लाइटला केबल द्यायची. टेम्पो बदलला तरी नोटा गाण्यासोबतच सरकतात, म्हणून ५-६ जणांच्या बँडला मी हेच सुचवेन.

हॉलचा किंवा ठेकेदाराचा मोठा कन्सोल (लाइट चालवायचा बोर्ड) असेल तर टाइमकोड, म्हणजे गाणे कुठवर आले ते सांगणारा वेळेचा सिग्नल. तो ऑडिओ ट्रॅकसारखाच असतो. साउंड कार्डच्या स्वतंत्र आउटपुटमधून फक्त कन्सोलला द्या. चुकून स्पीकरवर गेला तर कर्कश किरकिर ऐकू येईल.

खरी डोकेदुखी भाड्याच्या पारची (स्टेजवरचे साधे लाइट). आज हुतात्मा स्मृती मंदिर, उद्या गणपतीचा मांडव, दर वेळी लाइट वेगळे. कोणता पार किती चॅनेलच्या मोडमध्ये (रंग, उजेड अशा एकेका गोष्टीला एक चॅनेल) आणि कोणत्या ॲड्रेसवर (त्याच्या पहिल्या चॅनेलचा क्रमांक), हे मंडपवाल्याला आदल्या दिवशीच विचारा. एका डीएमएक्स लाइनवर ५१२ चॅनेल मिळतात, तेवढे पुरतात. शेवटच्या लाइटला १२० ओहमचा टर्मिनेटर (लाइनच्या टोकाला बसणारा प्लग) लावा, नाहीतर लांब केबलवर लाइट फडफडू शकतात.

गायकावरचा समोरचा पांढरा लाइट मात्र हातातच ठेवा. वन्स मोअर आला की ट्रॅकला ते कळत नाही.