मेकअप आणि लोशन लावायचं अ‍ॅडजस्टेबल साधन डिझाइन करायचंय, सुरुवात कुठून करू?

तुम्ही लिहिलंय की एकाच दांड्यावर ब्रश, स्पंज आणि लोशनचं पॅड बसेल, लांबी आणि कोन दोन्ही बदलता येतील असं काहीतरी करायचंय. ज्यांचा खांदा वर जात नाही किंवा बोटं नीट वळत नाहीत अशा लोकांसाठी. मी अशीच हातात धरायची सहायक साधनं डिझाइन करते, म्हणून ठामपणे सांगते: आधी साधनाच्या सांध्यावर, म्हणजे कोन जिथे बदलतो त्या जोडावर काम करा. ब्रश कुठला, मूठ कशी, रंग कुठला, हे सगळं नंतर. अशी साधनं बहुतेक वेळा सांध्यातच मार खातात. कोन लावून घ्यायचा, पाठीवर दाबायचं आणि साधनाचं डोकं (ब्रश किंवा पॅड बसतं तो भाग) मागे कलंडायचं.

सांधा डोक्याच्या जितका जवळ, तितकं त्याचं काम हलकं. पाठीला लोशन चोळताना पॅडवर साधारण 300 ग्रॅम वजनाइतका, म्हणजे 3 न्यूटन जोर पडतो असं धरा (डिजिटल वजनकाट्यावर पॅड दाबून स्वतःचा आकडा काढाच). सांधा पॅडपासून 4 सेंटिमीटरवर असेल तर त्याला 0.12 न्यूटन-मीटर एवढाच पीळ (जोर गुणिले अंतर) पेलायचा असतो. तोच सांधा मुठीजवळ, 35 सेंटिमीटरवर नेलात की 1.05 न्यूटन-मीटर, म्हणजे जवळजवळ नऊपट. एवढं पेलणारा सांधा घट्ट करायचा तर तो फिरवायलाही तेवढाच जोर लागणार, आणि तुमच्या वापरणाऱ्याकडे नेमका तोच नाही.

गोल चेंडूचा, नुसत्या घर्षणावर थांबणारा सांधा दिसायला छान आणि कुठेही वळणारा, म्हणून सगळ्यांना मोह होतो. माझ्या मते इथे तो नकोच. क्रीम आणि तेल फटीत झिरपतात, सांध्याला आपोआप वंगण मिळतं आणि पकड जाते. त्यापेक्षा दात्यांचा, टिक टिक करत थांबणारा सांधा घ्या. 15 अंशांचा एकेक टप्पा पुरतो. शिवाय तो टिक बोटांना जाणवतो, आणि पाठीमागे काय चाललंय ते दिसत नसताना त्याचा मोठा आधार असतो.

आता लॉक. एक चाचणी न चुकता करा: दोन्ही हातांना लोशन चोपडा आणि मग लॉक उघडा. फिरवून आवळायची गुळगुळीत कडी इथेच बाद होते. छोट्या बटणाचंही तेच. संधिवाताने बोटं सुजलेल्या एक बाई सरकता दांडा वापरताना मी बघितल्या. त्यांनी दांडा काखेत धरला, दोन्ही अंगठे एकावर एक ठेवून बटण दाबलं, दांडा सरकला आणि बटण सुटताना कातडीला चिमटा बसला. त्यानंतर त्यांनी लांबी बदललीच नाही, सगळ्यात लांबवर ठेवूनच वापरत राहिल्या. मला त्यातून असं वाटतं की लांबी माणूस एकदाच ठरवतो, कोन मात्र रोज बदलतो. तेव्हा लांबीचे दोनच टप्पे द्या, हवं तर घरातल्या कुणीतरी लावून द्यावेत असे. सगळी मेहनत कोनावर खर्च करा. तळहाताच्या कडेने ढकलता येईल असा रुंद खटका सगळ्यात बरा.

पाठीचं आणि डोळ्यांचं साधन एक करू नका, ही माझी कळकळीची विनंती. डोळ्याजवळ सरकणारा दांडा धोक्याचा, कारण त्यातला जरासा खुळखुळाही ब्रशच्या टोकाशी मोठा होऊन पोचतो. तिथे लांबी नको, मुठीची जाडी बदलता आली पाहिजे. ऑक्युपेशनल थेरपिस्ट चमच्यावर किंवा पेनवर फोमची नळी चढवतात, तीच युक्ती ब्रशलाही चालते. वेगवेगळ्या जाडीच्या काढघाल करता येतील अशा बाह्या द्या. आणि करंगळी किंवा हाताची कड गालावर टेकेल अशी जागा ठेवा. टेकलेला हात कमी थरथरतो. टेरी ब्रायंट या मेकअप आर्टिस्टना पार्किन्सन्स झाला, त्यातून त्यांनी ‘गाइड ब्युटी’ हा ब्रँड उभा केला. त्यांची साधनं जवळून बघा, पकड आणि आधार यांचा फार बारकाईने विचार केलाय. जड मुठीने कंप कमी होतो असं ऐकाल. काहींना खरंच बरं वाटतं, पण मनगट अशक्त असेल तर हात लगेच दुखतो. म्हणून वजन काढता येईल असंच ठेवा.

मोटर लावून कंप झेलणारी साधनंही आहेत. लॉरियलने 2023 च्या सुरुवातीला लिपस्टिकसाठी ‘हॅप्टा’ दाखवलं. कंप सांभाळणाऱ्या ‘लिफ्टवेअर’ चमच्यामागचं तंत्र त्यात आहे. पण पहिल्या प्रयत्नात मोटरच्या नादी लागू नका. चार्जिंग, वजन, धुणं, सगळंच अवघड होऊन बसतं.

डोकी काढून धुता आली पाहिजेत आणि सांध्यात बोटाने पुसता येणार नाही अशी फट नको. डोळ्यांचं डोकं वेगळंच, ते पायाच्या क्रीमला लागता कामा नये.

मटेरियलचं मात्र हलक्यात घेऊ नका. पॉलीकार्बोनेट आणि एबीएस ही कडक प्लास्टिकं ताणाखाली असताना तेलं आणि सनस्क्रीन लागली की तडकू शकतात. मऊ सिलिकॉन रबर सिलिकॉन तेलाने फुगतं. पॉलीप्रॉपिलीन हे प्लास्टिक या बाबतीत बरंच निर्धास्त. पुठ्ठा आणि फोमचं मॉडेल हातात बसलं की पहिला थ्रीडी प्रिंट काढा, सांधा वाकवून बांधा, त्यावर सनस्क्रीन फासून काही आठवडे तसाच ठेवा आणि दात्यांच्या मुळाशी पांढऱ्या रेषा उमटतात का ते भिंगातून बघा.