एआय चित्रांचे प्रॉम्प्ट: सहा महिन्यांचा कोर्स की चार वर्षांचे कलाशिक्षण?

परळहून पत्र पाठवणाऱ्या भगिनींस,

सप्रेम नमस्कार. आपले सविस्तर पत्र आणि त्यासोबत मुलीने एआयच्या मदतीने तयार केलेली चित्रे व एक छोटा व्हिडिओ मिळाला. मुलगी बारावीला कला शाखेत आहे, एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या दोन्ही चित्रकला परीक्षांत तिला 'अ' श्रेणी मिळाली आहे आणि आता बीएफए या ललित कलेच्या पदवीच्या प्रवेश परीक्षेची तयारी सोडून एका खासगी संस्थेचा सहा महिन्यांचा 'एआय प्रॉम्प्ट' कोर्स करण्याचा तिचा हट्ट आहे, असे आपण लिहिले आहे. प्रॉम्प्ट म्हणजे कोणते चित्र किंवा व्हिडिओ हवा ते एआयला सांगणारे लेखी वर्णन. त्या कोर्सचे शुल्क पंच्याऐंशी हजार रुपये आहे. हे नुसते टायपिंग आहे की खरोखर शिकण्यासारखे काही आहे, आणि मराठी माध्यमातून शिकलेल्या मुलीला ते जमेल का, असे आपले दोन प्रश्न आहेत.

शिकण्यासारखे पुष्कळ आहे. परंतु आपण पाठवलेल्या माहितीपत्रकात त्यातले फारसे काही नाही. त्यात निरनिराळ्या टूल्सची ओळख आणि 'तयार प्रॉम्प्टांचा संग्रह' एवढ्यावरच भर आहे. टूल्स वर्षभरात बदलतात. मिडजर्नी आणि स्टेबल डिफ्यूजन ही चित्रे काढणारी एआय टूल्स सर्वांना वापरता येऊ लागली ती २०२२ च्या जुलै-ऑगस्टमध्ये, आणि त्या वेळी जी युक्तीची शब्दरचना चालत असे तिच्यातली बरीचशी आज निरुपयोगी आहे. दुसऱ्याने लिहिलेला प्रॉम्प्ट त्याच्या चित्राचा असतो, तो आपल्या चित्राला उपयोगी पडत नाही. म्हणून माझे स्पष्ट मत असे की हा कोर्स करू नये, बीएफएची तयारी सुरू ठेवावी आणि प्रॉम्प्टचा सराव आजपासून घरीच करावा. तो कसा करावा हे मी खाली लिहितो आहे. तो भाग मुलीने स्वतः वाचावा, अशी विनंती आहे.

तिच्या चाळीच्या चित्राचा प्रॉम्प्ट असा होता: 'मुंबईच्या पावसातील सुंदर जुनी चाळ, भावनिक, अतिशय वास्तववादी, सर्वोत्तम दर्जा, ८के.' त्यावर जे चित्र आले ते आपल्या चाळीसारखे मुळीच नसून एखाद्या रिसॉर्टच्या जाहिरातीसारखे दिसते, अशी तिची तक्रार आहे. तक्रार योग्य आहे, आणि चित्र तसे का आले हे समजून घेतले की पुढचा रस्ता दिसू लागतो. बहुतेक चित्र-मॉडेल्सना, म्हणजे या टूल्समागच्या एआय प्रणालींना, कोट्यवधी चित्रे आणि त्यांच्यासोबतचे वर्णन यांच्या जोड्या दाखवून शिकवलेले असते. चित्र तयार करताना ती अस्ताव्यस्त ठिपक्यांपासून सुरुवात करतात आणि आपल्या शब्दांच्या आधाराने तो गोंधळ टप्प्याटप्प्याने कमी करत नेतात. आपण जे सांगितले नाही ते मॉडेल रिकामे सोडत नाही. शिकताना जे वारंवार पाहिले, त्यातून ते भरून काढते. 'सुंदर' म्हटल्यावर जाहिरातीतला झगमगाट येतो, कारण त्या शब्दाशेजारी तशीच चित्रे मोठ्या संख्येने होती. '८के' लिहिल्याने चित्राचे पिक्सेल वाढत नाहीत, ते सेटिंगमध्ये ठरते.

शिंप्याकडे जाऊन 'छानसा ब्लाउज शिवा' एवढेच सांगितले तर जे हाती येते, तेच येथे झाले आहे. गळा, बाही, उंची ही मापे चित्राच्या बाबतीत कोणती, ते आता पाहू. तिच्याच चाळीचे चित्र मी असे लिहीन:

'परळमधील तीन मजली जुन्या चाळीची सामाईक लाकडी गॅलरी. जुलै महिना, संध्याकाळचे सहा, बाहेर संततधार पाऊस. चौकटीच्या डाव्या भागात पन्नाशीची सावळी स्त्री, फिकट हिरवी सुती साडी, पदर कमरेला खोचलेला, दोरीवरची ओली चादर पिळते आहे. तिच्या मागच्या उघड्या दारातून पिवळ्या दिव्याचा उजेड तिच्या पाठीवर आणि ओल्या फरशीवर पडला आहे. अंगणाच्या बाजूने ढगाळ, निळसर करडा उजेड. कॅमेरा गॅलरीच्या टोकाला, कमरेच्या उंचीवर, ३५ मिमी लेन्स. कठड्याची रेघ पाहणाऱ्याची नजर तिच्याकडे नेते. उजवीकडचा एक तृतीयांश भाग मोकळा, तेथे फक्त पाऊस. छायाचित्र, आडवी चौकट, १६:९.'

यात एकही विशेषण कौतुकाचे नाही. कोण आहे, काय करते आहे, चौकटीत कोठे आहे, उजेड कोणत्या दिशेने आणि कोणत्या रंगाचा आहे, पाहणारा कोठे उभा आहे, कोणती जागा मोकळी ठेवायची आहे, माध्यम कोणते आहे, याचे प्रत्येक वाक्यात काहीतरी ठरवलेले आहे. 'भावनिक' हा शब्द मी काढून टाकला, कारण दारातला पिवळा उजेड आणि बाहेरचा करडा उजेड एकमेकांशेजारी ठेवले की अपेक्षित भावना त्यातूनच उभी राहते. हे ठरवता येण्यासाठी उजेड पाहण्याची सवय हवी, आणि ती कोणत्याही टूलमध्ये मिळत नाही. तिने एक वही घेऊन आपल्याच गॅलरीत सकाळी, भर दुपारी आणि दिवेलागणीला बसावे, कवडसा कोठे पडतो, सावलीची कड धारदार आहे की मऊ, भिंतीचा रंग कसा बदलतो, हे लिहून काढावे आणि मगच संगणकासमोर जावे. एखाद्या चित्रपटाची एक चौकट थांबवून तिचे असेच शब्दांत वर्णन करणे हाही उत्तम सराव आहे.

आपल्याकडच्या वस्तूंच्या बाबतीत विशेष दक्षता घ्यावी लागते, आणि मराठी मुलांना खरे काम येथेच आहे असे मला मनापासून वाटते. 'नऊवारी नेसलेली स्त्री' म्हटल्यावर मॉडेल पुष्कळदा साधी पाचवारी किंवा घागरा दाखवते. तेव्हा नावासोबत दिसणारा आकार सांगावा: काष्टा मागे खोचलेला, साडी दोन्ही पायांभोवती वेगवेगळी गुंडाळलेली, पोटऱ्या थोड्या उघड्या. 'मुंबईची लाल डबल डेकर' म्हटल्यावर लंडनची बस समोर येण्याची शक्यता असते. शिवाय बेस्टची जुनी डिझेल डबल डेकर सप्टेंबर २०२३ मध्ये कायमची बंद झाली आणि आता धावतात त्या वातानुकूलित विजेवरच्या आहेत, तेव्हा चित्र कोणत्या वर्षाचे आहे हेही लिहिले पाहिजे. ज्याला पागोटे, पगडी आणि फेटा यांतला फरक डोळ्यांनी माहीत आहे, तोच चुकीचे चित्र ओळखून बाजूला ठेवू शकतो. भायखळ्याचे डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय आपल्या घरापासून जवळच आहे. तेथे जुन्या मुंबईतील निरनिराळ्या समाजांचे आणि व्यवसायांचे मातीचे छोटे पुतळे आहेत. ते पाहत तिने एक दुपार तेथे घालवावी आणि प्रत्येक पोशाखाचे दोन ओळींत वर्णन लिहावे. नुसत्या वर्णनाने काम होत नसेल तर स्वतः काढलेले छायाचित्र किंवा रेखाचित्र संदर्भ म्हणून जोडता येते, आणि चित्रकलेचा हात असलेल्या मुलीला हा मोठाच फायदा आहे.

आणखी दोन सवयी. 'गर्दी नको', 'छत्री नको' असे मुख्य प्रॉम्प्टमध्ये लिहिले की अनेक मॉडेल्स नेमकी तीच वस्तू चित्रात आणतात. म्हणून 'रिकामा रस्ता', 'दोन्ही हात मोकळे' असे जे हवे ते लिहावे, आणि टूलमध्ये नेगेटिव्ह प्रॉम्प्टची वेगळी जागा असेल तर नको असलेल्या वस्तूंची नावे तेथे द्यावीत. दुसरी सवय म्हणजे एका वेळी एकच गोष्ट बदलणे. ज्या टूलमध्ये सीडचा आकडा स्थिर ठेवता येतो तेथे तो ठेवावा, म्हणजे सुरुवातीचे ठिपके तेच राहतात आणि उजेडाची दिशा बदलल्याने नेमका कोणता फरक पडला हे कळते. चार गोष्टी एकदम बदलल्या की चित्र सुधारते किंवा बिघडते, पण कारण हाती लागत नाही.

व्हिडिओच्या बाबतीत तिची चूक वेगळ्या प्रकारची आहे. आठ सेकंदांत बाई छत्री घेऊन घराबाहेर पडते, जिना उतरते, कोपऱ्यावर भजी घेते आणि बस पकडते, असे तिने एकाच प्रॉम्प्टमध्ये लिहिले. त्यामुळे साडीचा रंग मध्येच बदलला आणि जिना भिंतीत शिरला. हे चार शॉट आहेत. एका प्रॉम्प्टमध्ये एक शॉट आणि त्यात एक मुख्य क्रिया, फार तर तिच्यामागून येणारी एखादी छोटी प्रतिक्रिया, एवढेच मागावे. पात्राची हालचाल आणि कॅमेऱ्याची हालचाल वेगवेगळ्या वाक्यांत सांगावी: पॅनमध्ये कॅमेरा जागेवरून आडवा वळतो, टिल्टमध्ये वर-खाली होतो, डॉलीमध्ये तो स्वतःच पुढे किंवा मागे सरकतो, आणि हे शब्द मोघमपणे वापरले की चौकट उगाच तरंगत राहते. बाईचे वर्णन प्रत्येक शॉटमध्ये शब्दशः तेच ठेवावे. एका ठिकाणी 'हिरवी साडी' आणि दुसऱ्या ठिकाणी 'पोपटी लुगडे' लिहिले तर दोन वेगळ्या बायका येतील. त्याहून खात्रीचा मार्ग असा की आधी स्थिर चित्र मनासारखे करून घ्यावे आणि तेच व्हिडिओची पहिली चौकट म्हणून द्यावे. मग चित्रातले पुन्हा सांगत न बसता फक्त हालचाल लिहावी: 'कॅमेरा स्थिर. बाई चादर सावकाश पिळते, पाणी कठड्याबाहेर पडते, ती मान वळवून अंगणात पाहते.' मे २०२५ मध्ये आलेल्या गूगलच्या व्हिओ ३ सारखी मॉडेल्स चित्रासोबत आवाजही तयार करतात, म्हणून पत्र्यावरचा पाऊस किंवा आतून येणारी कुकरची शिट्टी हेही लिहावे लागते. प्रत्येक प्रयत्नाला क्रेडिट्स लागतात आणि ती व्हिडिओत भराभर संपतात. तेव्हा आधी कागदावर स्टोरीबोर्ड, म्हणजे शॉटांची क्रमवार रेखाटने, काढणे हाच काटकसरीचा मार्ग आहे.

आता भाषेविषयी. स्टेबल डिफ्यूजनच्या सुरुवातीच्या आवृत्त्या ज्या लायन-५बी या संग्रहाच्या भागांवर शिकल्या, त्यात सुमारे ५८५ कोटी चित्र-वर्णनांच्या जोड्या होत्या आणि त्यांपैकी सुमारे २३२ कोटी इंग्रजी होत्या. साहजिकच अशा मॉडेल्सना इंग्रजी अधिक समजते. उलट चॅटजीपीटी किंवा जेमिनी यांच्यामार्फत चित्र करताना मराठीत लिहिलेले चांगले समजते. म्हणून तिने विचार मराठीत करावा, प्रॉम्प्ट पूर्ण मराठीत लिहावा आणि गरज पडेल तेथे भाषांतर करून घेऊन ते तपासावे. छायालेखनाच्या शे-सव्वाशे इंग्रजी संज्ञा तिला शिकाव्या लागतील, आणि त्या शिकायला इंग्रजी माध्यमाची आवश्यकता नाही. चित्रातला मराठी मजकूर मात्र मॉडेलवर सोपवू नये. जोडाक्षरे अजूनही वारंवार बिघडतात, म्हणून मथळा नंतर स्वतः डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये बसवावा.

एक गोष्ट तिला आपण घरात ठामपणे सांगावी. जिवंत व्यक्तीचा चेहरा किंवा आवाज तिच्या परवानगीशिवाय वापरायचा नाही, मग ती मैत्रीण असो की कलाकार. जुलै २०२४ मध्ये गायक अरिजित सिंग यांच्या आवाजाची एआयने नक्कल करण्याच्या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने त्यांना अंतरिम संरक्षण दिले आहे. ग्राहकाला काम देतानाही त्यातला कोणता भाग एआयने केला आहे हे लेखी कळवण्याची सवय पहिल्यापासूनच लावावी.

नोकरीविषयी लिहितो. केवळ प्रॉम्प्ट लिहिण्यासाठी म्हणून ठेवलेल्या जागांवर भिस्त ठेवू नये. हे कौशल्य व्हिज्युअलायझर, आर्ट डायरेक्टर, स्टोरीबोर्ड कलाकार, संकलक अशा कामांचा भाग होत चालले आहे आणि जाहिरात संस्था असोत की अंधेरी-गोरेगावची निर्मितीगृहे, तेथे ज्याला चौकट समजते त्याच्याच हाती ते शोभते. म्हणून उपयोजित कलेचे चार वर्षांचे बीएफए मला योग्य वाटते. फोर्टमधील सर ज. जी. कला महाविद्यालय १८५७ पासून आहे, आणि २०२३ मध्ये त्या परिसरातील संस्थांना अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. तेथील प्रवेशाची पद्धत आणि राज्याच्या सीईटी कक्षाकडून बीएफए प्रवेशासाठी होणारी एमएएच-एएसी सीईटी यांच्या तारखा त्या त्या वर्षीच्या अधिकृत सूचनेतच पाहाव्यात. आयआयटी मुंबईतर्फे डिझाइनच्या पदवी प्रवेशासाठी होणारी यूसीड परीक्षा कला शाखेच्या विद्यार्थ्यांनाही देता येते. तिचे अर्ज साधारणपणे ऑक्टोबरच्या सुमारास निघतात, तेव्हा हा पर्याय हवा असेल तर आताच लक्ष ठेवावे.

त्या संस्थेने आगाऊ रक्कम मागितली आहे, असे आपण शेवटी लिहिले आहे. ती भरू नये. तरीही मुलीचे समाधान होत नसेल तर तिला घेऊन तेथे जावे, गेल्या तुकडीतील विद्यार्थ्यांनी केलेले काम पाहायला मागावे, आणि त्या प्रत्येक चित्रामागचा प्रॉम्प्ट कोणी लिहिला, किती प्रयत्नांनंतर आणि काय बदलत गेला, हे तिला स्वतः विचारू द्यावे. दरम्यान तिने चाळीचे तेच एक चित्र पुन्हा हाती घ्यावे. आधी पेन्सिलचे रेखाटन, मग मराठी प्रॉम्प्ट, मग निघालेली चित्रे आणि प्रत्येक नाकारलेल्या चित्राखाली नाकारण्याचे कारण, असे क्रमाने एका फाइलमध्ये लावावे. प्रवेशाच्या मुलाखतीत आणि पुढे इंटर्नशिप मागताना पोर्टफोलिओ म्हणून हीच फाइल तिच्या कामी येईल. ती तयार झाली की मला अवश्य पाठवावी. मी प्रत्येक पानावर माझा अभिप्राय लिहून परत करीन.

कळावे.

आपला,
करिअर समुपदेशक