रून लिपीचा खरा वापर कोठे तपासावा?

प्रश्न : माझ्या मुलीला वाढदिवसानिमित्त रून अक्षरे कोरलेल्या २५ खड्यांची पिशवी भेट मिळाली. सोबतच्या पुस्तिकेत प्रत्येक अक्षराचा अर्थ दिला असून, व्हायकिंग लोक याच खड्यांनी भविष्य पाहत, असे म्हटले आहे. इंटरनेटवरही तीच वाक्ये फिरून फिरून सापडतात. स्कँडिनेव्हियात ही अक्षरे खरोखर कशासाठी वापरली जात, हे खात्रीने कोठे कळेल? — एक वाचक, सांगली

उत्तर : खड्यांच्या संख्येपासूनच सुरुवात करू. रून ही उत्तर युरोपातील जर्मन वंशाच्या लोकांची प्राचीन लिपी. तिच्या जुन्या वर्णमालेत २४ अक्षरे होती. स्वीडनच्या गॉटलंड बेटावरील क्यूल्व्हरच्या शिळेवर, सुमारे इ. स. ४०० मध्ये, ती क्रमाने कोरलेली आहेत. व्हायकिंग काळात मात्र स्कँडिनेव्हियात १६च अक्षरे उरली होती. पंचविसावा कोरा खडा १९८२ मधील एका इंग्रजी पुस्तकातून रूढ झाला. तेव्हा ही पिशवी व्हायकिंगांची नव्हे.

अक्षरांची नावे आपल्याला मुख्यतः मध्ययुगीन कवितांतून कळतात. नॉर्वेतील कवितेत ‘फे’ म्हणजे धन, आणि धनामुळे भाऊबंदकी माजते, असे तिथे म्हटले आहे. खडे टाकून कौल लावण्याची रीत तिथे नाही. रोमन लेखक टॅसिटसने इ. स. ९८ च्या सुमारास जर्मन टोळ्यांविषयी लिहिताना खुणा केलेल्या लाकडी चकत्यांचा कौल वर्णिला आहे, पण त्या खुणा रून होत्या, असे तो कोठेही म्हणत नाही.

म्हणून अर्थांच्या यादीऐवजी मूळ कोरीव लेखांकडे जावे. आपल्या सातारा-सांगलीकडे वीरगळ पाहिलेल्यांना हे लेख परके वाटणार नाहीत, कारण बहुतेक रूनशिळांवर अमुकाने आपल्या बापाच्या किंवा भावाच्या स्मरणार्थ ही शिळा उभारली, एवढाच मजकूर असतो. स्वीडनच्या एकट्या उप्लांड प्रांतात अशा हजाराहून अधिक शिळा आहेत. त्यांपैकी ‘यू ३४४’ (‘यू’ म्हणजे उप्लांड) या क्रमांकाच्या शिळेवर उल्फ नावाच्या माणसाने इंग्लंडमध्ये तीनदा खंडणीचा वाटा घेतल्याचे नोंदवले आहे : पहिला तोस्ती या सरदाराने दिला, मग थोर्केतिल या सरदाराने, मग इंग्लंड जिंकणाऱ्या डॅनिश राजा क्नूटने. इंग्लंडच्या समकालीन बखरीतही १०१८ मध्ये क्नूटला दिलेल्या खंडणीची नोंद आहे. दगड आणि कागद असे एकमेकांना दुजोरा देतात, तेव्हा अभ्यासकाचे मन भरून येते.

असे क्रमांक हीच विश्वासार्हतेची पहिली कसोटी. कोणी रूनविषयी दावा केला, की तो कोणत्या लेखावरून, हे विचारावे, आणि मिळालेला क्रमांक उप्साला विद्यापीठाच्या नॉर्डिक रूनलेखांच्या संग्रहात किंवा त्यावर आधारित, स्वीडनच्या पुरातत्त्व खात्याच्या ‘रूनोर’ या मोफत संकेतस्थळावर पडताळावा. तिथे अक्षरशः लिप्यंतर, भाषेचे प्रमाण रूप आणि भाषांतर वेगवेगळे दिलेले असते. १६ अक्षरांत सगळी भाषा बसवताना एकच खूण ‘क’ आणि ‘ग’ या दोन्हींसाठी येते, त्यामुळे वाचनात मतभेद होतात. मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नसल्याने आपले मोडी वाचक संदर्भावरून शब्द लावतात, तसेच हे आहे.

नॉर्वेतील बर्गेन बंदरात १९५५ च्या आगीनंतर झालेल्या उत्खननात सुमारे ६७० रूनलेख सापडले. त्यांत मालावर बांधायच्या नावाच्या पट्ट्या आहेत, व्यापाऱ्यांची पत्रे आहेत आणि एका लाकडी तुकड्यावर ‘ग्यूदा सांगते, तू घरी जा’ एवढाच निरोप आहे.

रून आणि मंत्रतंत्र यांचा संबंधच नव्हता, असे मात्र मी म्हणणार नाही. स्वीडनच्या ब्लेकिंगे प्रांतातील ब्योर्केतोर्पच्या शिळेवर, ती मोडणाऱ्याला शाप दिलेला आहे. गधेगाळ, म्हणजे दान मोडणाऱ्याला शाप देणारा आपल्याकडचा शिलालेख, ठाऊक असलेल्याला त्याचे नवल वाटू नये. या विषयावर मॅक्लाउड आणि मीस यांचा ‘रूनिक अ‍ॅम्युलेट्स अँड मॅजिक ऑब्जेक्ट्स’ (२००६) हा ग्रंथ पाहावा. एकूण लिपीसाठी मायकेल बार्न्स यांचे ‘रून्स : अ हँडबुक’ (२०१२) पुरेसे आहे.

मुलीसोबत आधी ‘यू ३४४’ चे छायाचित्र उघडा आणि त्यावरच्या खुणा आपल्या खड्यांशी ताडून पाहा. काही जुळतील, काही जुळणार नाहीत, आणि न जुळणाऱ्या खुणांपाशीच थोडा वेळ थांबा.