निम्फ : नवरी, जलदेवता आणि तुडतुड्याचे पिल्लू

एका वाचकाने विचारले आहे की, इंग्रजी-मराठी शब्दकोशात ‘निम्फ’ या शब्दापुढे ‘अप्सरा, वनदेवता’ असे अर्थ दिलेले असताना कपाशीवरील किडींच्या एका लेखात ‘तुडतुड्यांचे निम्फ पानातील रस शोषतात’ असे वाक्य कसे येते. हे दोन वेगळे शब्द आहेत की एकच, आणि एकच असल्यास अप्सरेचा किडीशी संबंध कोठे जुळला?

शब्द एकच आहे. मात्र त्याचा माग अप्सरेपासून काढू लागलो तर वाट चुकते. ग्रीक भाषेतील ‘निम्फी’ या शब्दाचा साधा, घरगुती अर्थ ‘नवरी’ असा आहे. लग्नाच्या वयाची मुलगी, नवी नवरी आणि घरात आलेली सून या सर्वांना तो शब्द लागू पडत असे. होमरच्या ‘इलियड’ या ग्रीक महाकाव्याच्या तिसऱ्या सर्गात आयरिस ही देवता लाओडिकीचे, म्हणजे हेलनच्या नणंदेचे रूप घेऊन येते आणि हेलनला याच शब्दाने हाक मारते. हेलन तेव्हा पहिल्या नवऱ्याचे घर सोडून दुसऱ्याच्या घरी नांदत होती, त्यामुळे तेथे ‘कुमारिका’ हा अर्थ संभवतच नाही. होमरच्याच ‘ओडिसी’त तर म्हातारी दाई युरिक्लिया नायकाची बायको पेनेलोपी हिला, जिचा मुलगा बापाच्या शोधात निघण्याइतका मोठा झाला आहे तिला, ‘निम्फा’ असे संबोधते. आपल्याकडे नातवंडे झाली तरी घरातील जुनी माणसे ‘सूनबाई’ म्हणत राहतात, त्याच जातीचे हे संबोधन आहे. आजच्या ग्रीकमध्येही या शब्दाचे ‘नीफी’ हे रूप नवरी आणि सून या दोन्ही अर्थांनी चालते. संस्कृतातील ‘वधू’ शब्दानेही हे दोन्ही अर्थ सांभाळलेले आहेत.

झरे, झाडे, डोंगर आणि समुद्र यांत राहणाऱ्या चिरतरुण स्त्रीदेवतांना ग्रीकांनी हाच शब्द लावला. गोड्या पाण्यातल्या त्या नायड, झाडांतल्या ड्रायड, डोंगरातल्या ओरिअड आणि समुद्रातल्या, नीरियस या समुद्रदेवाच्या ५० मुली, त्या नीरिइड. काही निम्फांचे आयुष्य एकेका झाडाशी बांधलेले असे आणि झाड वठले की त्याही संपत. अप्सरा हा प्रतिशब्द मला पूर्ण समाधानकारक वाटत नाही, याचे कारण हेच. आपल्या मनातली अप्सरा इंद्राच्या दरबारात नाचते आणि ऋषींचा तपोभंग करायला पृथ्वीवर उतरते, तर ग्रीक निम्फ एका ठरावीक झऱ्याची असते. सिसिलीतील सिराक्यूज शहराच्या ऑर्टिजिया बेटावर अरेथुसा या निम्फेच्या नावाचा झरा आजही आहे.

आपल्याकडे या कल्पनेला खरी जवळची कोणी असेल तर ती साती आसरा. ‘आसरा’ हे ‘अप्सरा’ या शब्दाचेच मराठी मुखात झिजलेले रूप आहे, परंतु त्या दरबार सोडून विहिरीच्या काठी आणि नदीच्या डोहाशी येऊन राहिल्या आहेत. सात शेंदरी दगडांच्या रूपात त्यांची पूजा होते, त्यांना ओटी आणि बांगड्या वाहतात आणि अवेळी पाणवठ्यावर जाणाऱ्याला त्यांची बाधा होते असे लोक मानत आले आहेत. ग्रीकांमध्येही हे सारे होते. हायलस या तरुणाला झऱ्यातील निम्फांनी पाण्यात ओढून नेल्याची कथा प्रसिद्ध आहे, आणि निम्फेने झपाटलेल्या माणसासाठी ‘निम्फोलिप्टोस’ असा खास शब्द होता. अथेन्सजवळच्या वारी येथील गुहेत आर्किडीमोस नावाच्या थीरा बेटावरील माणसाने इ. स. पू. ५व्या शतकात स्वतःला हेच विशेषण लावून कोरलेला लेख सापडला आहे. ग्रीक कथांच्या अनुवादात मी तरी झऱ्याच्या निम्फेला ‘जलदेवता’ आणि झाडाच्या निम्फेला ‘वनदेवता’ म्हणेन. ‘आसरा’ शब्द वापरण्याचा मोह होतो, परंतु त्याबरोबर शेंदूर आणि हिरव्या बांगड्याही ग्रीसमध्ये जाऊन पोहोचतील.

आता कीटकाकडे वळू. ही शाखा जलदेवतेपासून फुटली नसावी. ती थेट नवरीपासून फुटली असावी असे मला वाटते. इ. स. पू. ४थ्या शतकात ॲरिस्टॉटलने मधमाशीच्या वाढीचे वर्णन करताना लिहिले आहे की, अळी वाढत असते तोवर ती खाते आणि विष्ठा टाकते, परंतु ‘निम्फ’ झाल्यावर ती काही खात नाही, हालत नाही आणि वाढ पूर्ण होईपर्यंत बंद कप्प्यात राहते. डोक्यावरून वस्त्र ओढून गप्प बसलेली नवरी आणि मेणाच्या झाकणाआडचा तो पांढुरका जीव यांतील साम्य ज्याला प्रथम दिसले, तो चांगला निरीक्षक असला पाहिजे. स्वीडिश निसर्गशास्त्रज्ञ लिनियसने पुढे १८व्या शतकात याच टप्प्यांसाठी लॅटिनमधून ‘लार्वा’ म्हणजे भूत किंवा मुखवटा, ‘प्यूपा’ म्हणजे बाहुली आणि ‘इमागो’ म्हणजे प्रतिमा हे शब्द घेतले. नवरीच्या जागी बाहुली आली, एवढाच काय तो फरक.

येथे खरी गंमत आहे. ॲरिस्टॉटलची निम्फ म्हणजे आजचा ‘कोष’. फ्रेंचमध्ये हा शब्द अजूनही कोषासाठीच प्रामुख्याने वापरतात, त्यामुळे फ्रेंच मजकुराचा अनुवाद करणाऱ्याने सावध राहावे. इंग्रजी कीटकशास्त्रात मात्र तो ज्या कीटकांना कोषावस्था नसतेच त्यांच्या बाल्यावस्थेला चिकटला. फुलपाखराची वाढ अंडे, अळी, कोष आणि प्रौढ अशी होते, तर नाकतोडा, ढेकूण, झुरळ, मावा आणि तुडतुडे यांच्या अंड्यातून आईबापांसारखेच दिसणारे, पण बिनपंखी पिल्लू बाहेर येते. ते अनेकदा कात टाकत वाढते आणि पंखवाल्या जातींत पाठीवर पंखांचे कोंब दर कातेगणिक मोठे होत जातात. ढेकणाच्या पिल्लाला असे ५ टप्पे पार करावे लागतात आणि प्रत्येक टप्प्याला त्याला रक्त लागते. उत्तर अमेरिकेतील सिकाडा नावाच्या किड्यांच्या काही जाती तर या अवस्थेत १३ किंवा १७ वर्षे जमिनीखाली काढतात. चतुराचे पिल्लू पाण्यात राहते, आणि अशा पाणपिल्लांना इंग्रजी कीटकशास्त्रात ‘नायड’ म्हणतात. जलदेवता मागच्या दाराने पुन्हा आत आली ती अशी.

मराठीत या निम्फेला काय म्हणावे, हा प्रश्न शेतकऱ्यांसाठीच्या लेखनात केव्हाच सुटलेला आहे. ‘पिल्ले आणि प्रौढ दोन्ही पानाच्या खालच्या बाजूने रस शोषतात’ असे वाक्य तेथे सर्रास आढळते, आणि ते अचूक आहे. ‘अळी’ म्हणणे मात्र चूक ठरेल. अळीचे रूप प्रौढापेक्षा अगदी वेगळे असते आणि बहुधा तिचे खाणेही. तुडतुड्याचे पिल्लू त्याच पानावर, तशाच सोंडेने, तोच रस पिते.

‘निम्फ’ हा शब्द गोचिडीलाही लावतात, जरी ती कीटक नसून कोळ्याच्या कुळातली आहे. अंड्यातून निघालेल्या गोचिडीला ६ पाय असतात, आणि पहिली कात टाकल्यावर ८ पायांची जी मधली अवस्था येते ती निम्फ. कर्नाटकातील क्यासनूरच्या जंगलात १९५७ साली ओळखला गेलेला आणि आता सिंधुदुर्ग व गोव्यातही आढळणारा माकडताप माणसाला होतो तो मुख्यतः या अवस्थेतील गोचीड चावल्याने. तेथील सूचनापत्रकात ‘निम्फ’ लिहून भागणार नाही. काजूच्या बागेत जाणाऱ्याला ‘गोचिडीचे बारीक पिल्लू’ असेच सांगायला हवे.