नमुने परदेशी पाठवायचे असतील तर कराराचा मसुदा आधी
नैतिकता समितीची मंजुरी हाती आहे, जर्मनीतील सहकारी तयार आहेत, आणि तरीही रुग्णांचे नमुने उणे 80 अंशांच्या फ्रीजरमध्येच पडून आहेत, असे आपण लिहिले आहे. आमचा प्रकल्प नेमका याच वळणावर अडला होता. अ‍ॅझाथायोप्रिन हे प्रतिकारशक्ती दाबणारे औषध घेणाऱ्या काही रुग्णांच्या पांढऱ्या पेशी धोकादायक पातळीपर्यंत घटतात. युरोपात त्यासाठी टीपीएमटी जनुकाकडे पाहण्याची रीत रुळली होती, पण 2014 मध्ये कोरियन रुग्णांच्या अभ्यासातून पुढे आलेला एनयूडीटी15 या दुसऱ्या जनुकातील बदल आपल्या लोकांत अधिक आढळतो. असे प्रश्न एका देशातील रुग्णांवरून सुटत नाहीत, म्हणून या सहकार्याचे मोल मला फार वाटते.

आम्हाला सर्वांत महाग पडले ते करार तपासणारे एक कार्यालय. परदेशी सहकार्याच्या संशोधनाला मंजुरी देणाऱ्या आरोग्य मंत्रालयाच्या स्क्रीनिंग कमिटीकडे, आयसीएमआर म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेमार्फत, अर्ज करताना नमुने हस्तांतरणाच्या कराराचा मसुदा जोडावा लागत होता; कार्यालयाचे म्हणणे असे की कमिटीची मंजुरी आल्याखेरीज मसुदा वाचणार नाही. फाइल परत आली ती ‘चर्चा करावी’ एवढ्या शेऱ्यानिशी. कोणी, कोणाशी आणि कशाविषयी, याचा उल्लेख नव्हता. विचारायला गेले की उत्तर तोंडी मिळे आणि ते दर वेळी निराळे असे. दरम्यान अनुदानाची मुदत संपली आणि प्रकल्पावरची संशोधक मुलगी दुसरीकडे रुजू झाली. ज्यांनी विश्वासाने रक्त दिले त्या रुग्णांचे नमुने अशा रीतीने अडकावेत, याचा मला आजही संताप येतो.

म्हणून माझे ठाम मत असे की, मसुदा नैतिकता समितीच्या अर्जाबरोबरच संबंधित कार्यालयाकडे द्यावा आणि प्रत्येक आक्षेप लेखी मागावा. तोंडी आक्षेप आल्यास त्याच दिवशी ई-मेलने ‘आपण असे सांगितलेत’ म्हणून कळवावे. नमुन्यांचा वापर कशापुरता, उरलेले परत येणार की नष्ट होणार, माहितीवर आणि पेटंटवर हक्क कोणाचा, हे त्यात स्पष्ट हवे. संमतिपत्रात नमुने परदेशी जाणार असल्याचे स्वतंत्रपणे नमूद आहे का, तेही आजच पाहा. नसेल तर पुन्हा रुग्णांकडे जाण्याला पर्याय नाही. मी कायद्याची जाणकार नाही आणि नियम बदलत असतात, तेव्हा आयसीएमआरच्या चालू सूचना प्रमाण मानाव्यात.

शक्य असेल तर जनुकीय क्रमनिर्धारण इथेच करावे, असेही मी सुचवेन. जीनोम इंडिया या राष्ट्रीय प्रकल्पाने 10,000 भारतीयांचे जीनोम देशातच वाचले आहेत, त्यामुळे क्षमतेची सबब उरलेली नाही. फक्त माहिती पाठवायची असली तरी मंजुरी लागते, हे मात्र विसरू नये. आणि नमुनेच पाठवायचे ठरले तर ड्राय आइसमधील खोके शुक्रवारी रवाना करू नका. शनिवार-रविवार ते सीमाशुल्कात अडकून राहू शकते.