वाचक विचारतात : शार्डोनेतलं लोणी गेलं कुठे?

प्रश्न : नमस्कार. माझी भाची कॅलिफोर्नियात असते, ती येताना नापा व्हॅलीतल्या शातो मॉन्टेलीना या वाइनरीची शार्डोने, म्हणजे शार्डोने द्राक्षाची पांढरी वाइन, घेऊन आली आणि म्हणाली मामा ही साधी बाटली नाहीये, हिच्या घराण्याने पॅरिसमध्ये फ्रेंचांना हरवलंय. मी आजवर ज्या शार्डोने प्यायलोय त्या सगळ्या लोण्यासारख्या मऊ, व्हॅनिलाचा वास येणाऱ्या. ही उघडली तर आंबट लागली आणि वास म्हणाल तर जवळजवळ नाहीच. बाटली खराब निघाली का? भाचीला सांगायची लाज वाटतेय. दोन दिवस फ्रीजमध्ये होती, तिथून काढून थेट ग्लासात ओतली.

उत्तर : मामा, अर्धं उत्तर तुमच्या शेवटच्या वाक्यातच आहे. फ्रीजमधून काढली की वाइन चारपाच डिग्रीला असते, आणि इतक्या थंडीत कुठल्याही चांगल्या पांढऱ्या वाइनचं तोंड बंदच असतं, वास वर येतच नाही आणि जिभेवर फक्त आंबटपणा उरतो. साधारण ११ ते १३ डिग्री हवी. थर्मामीटर शोधत बसू नका, फ्रीजबाहेर काढून वीसेक मिनिटं नुसती ठेवा. मग जरा पोट असलेल्या ग्लासात, एक तृतीयांशच भरून, ग्लास फिरवून हुंगा, आणि पाच मिनिटांनी परत हुंगा. हिरवं सफरचंद, लिंबाची साल, पेअर, पांढरी फुलं असं काहीतरी हळूहळू यायला लागेल. घोट घेतला की लगेच गिळू नका, तोंडात फिरवा, आणि गिळल्यावर चव किती वेळ रेंगाळते ते बघा, कारण भारी वाइन आणि साधी वाइन यातला फरक मला तरी सगळ्यात जास्त तिथेच कळतो.

आता लोण्याचं. ते लोणी शार्डोनेच्या द्राक्षात नसतंच हो! शार्डोने हे तसं गरीब स्वभावाचं द्राक्ष, वाइन करणारा जे करेल ते निमूट करून घेतं. द्राक्षाच्या रसात मॅलिक आम्ल असतं, हिरव्या सफरचंदात असतं तेच, चुणचुणीत. साखरेची दारू झाल्यावर बरेच जण बॅक्टेरियांकडून या मॅलिकचं लॅक्टिक आम्ल करून घेतात, म्हणजे ताकातलं मवाळ आम्ल, आणि त्या भानगडीत डायअ‍ॅसिटिल नावाचं एक द्रव्य तयार होतं ज्याचा वास हुबेहूब लोण्याचा. याला मॅलोलॅक्टिक म्हणतात. व्हॅनिला येतो तो नव्या ओकच्या लाकडी पिंपातून. मॉन्टेलीनावाले शार्डोनेचं मॅलोलॅक्टिक होऊच देत नाहीत आणि नवा ओकही हात राखून वापरतात. तेव्हा तुम्हाला जे लागलं तो दोष नाही, त्या घराची तीच तर खासियत आहे, आणि तो आंबटपणा असतो म्हणूनच ती वाइन वर्षानुवर्षं टिकते, पुढे मधासारखी, हेझलनटसारखी होत जाते. लोण्यासारखी शार्डोने वाईट असं माझं म्हणणं नाही, पण दोन ग्लासांनंतर मला तिचा कंटाळा येतो, हिचा नाही येत.

प्रश्न : ही वाइनरी जुनी आहे की पॅरिसनंतर नावारूपाला आली? आणि ते पॅरिसचं खरंच झालं होतं की मार्केटिंग?

उत्तर : जुनीही आहे आणि नाव पॅरिसनंतर झालं हेही खरं, आणि ते पॅरिसचं खरंच झालं होतं. आधी जुनं सांगते. सॅन फ्रान्सिस्कोत दोरखंडाचा धंदा करून श्रीमंत झालेल्या आल्फ्रेड टब्ज यांनी १८८२ मध्ये नापा व्हॅलीतल्या कॅलिस्टोगा गावाच्या उत्तरेला, माउंट सेंट हेलीनाच्या पायथ्याशी २५४ एकर जमीन घेतली. मॉन्टेलीना हे नाव त्या डोंगराच्याच नावाचं आखूड रूप. फ्रेंच थाटाची दगडी हवेली बांधली, तिचा मागचा भाग डोंगरात गेलेला, त्यामुळे आत आपोआप गार. सगळं छान चाललेलं, पण १९२० ला अमेरिकेत दारूबंदी आली ती थेट १९३३ पर्यंत, आणि नापातल्या बहुतेकांसारखीच यांचीही रया गेली. १९५८ मध्ये यॉर्ट आणि जीनी फ्रँक या चिनी जोडप्याने जागा घेतली, त्यांनी वाइन काही केली नाही पण तळं खणून चिनी पद्धतीची बाग केली. ते जेड लेक अजून आहे. एका कॅलिफोर्नियन वाइनरीत फ्रेंच हवेली आणि तिच्यासमोर चिनी तळं, हे मला फारच आवडतं.

मग १९७२ च्या सुमारास जिम बॅरेट नावाचे वकील आले. त्यांना करायची होती रेड, कॅबर्ने सोव्हिन्यों. त्यासाठी नव्याने वेली लावल्या, पण वेल धरायला काही वर्षं, त्यानंतर रेड मुरायला अजून काही वर्षं, तोवर पैसा कुठून यायचा? पांढरी वाइन लवकर बाजारात जाते, म्हणून बाहेरून द्राक्षं विकत घेऊन शार्डोने करायची ठरली. म्हणजे ज्या वाइनने नाव काढलं ती मुळात घरखर्च भागवायला केलेली! करणारे होते माइक ग्रगिच, क्रोएशियाचे, खरं नाव मिल्येन्को, १९५८ मध्ये नापात आलेले आणि तोपर्यंत तिथल्या बऱ्याच नामवंत वाइनऱ्यांत राबून हात बसलेले.

पॅरिसचं म्हणाल तर तारीख २४ मे १९७६. स्टीव्हन स्परियर हे पॅरिसमध्ये वाइनचं दुकान चालवणारे इंग्रज, त्यांनी आणि त्यांच्या सहकारी पॅट्रिशिया गॅलाघर यांनी हा घाट घातला. पांढऱ्यांत कॅलिफोर्नियाच्या सहा शार्डोने आणि फ्रान्समधल्या बरगंडी प्रांताच्या चार, बाटल्या झाकलेल्या. नऊ फ्रेंच परीक्षकांचेच गुण धरले. १९७३ ची मॉन्टेलीना १३२ गुणांनी पहिली, बरगंडीतल्या रूलोची म्यर्सो शार्म १२६.५ गुणांनी दुसरी, म्हणजे साडेपाच गुणांनी मागे, आणि तिसरी परत कॅलिफोर्नियाचीच, शलोन. गंमत म्हणजे एका परीक्षकाने नापाची वाइन चाखून आता कसं फ्रान्सला परत आलो असं म्हटलं आणि दुसऱ्याने बरगंडीची नामांकित बाटार-मोंत्राशे तोंडात घेऊन हिला वासच नाही, ही नक्की कॅलिफोर्निया असं ठोकून दिलं. मामा, वास नाही म्हणणारे तुम्ही एकटे नाही, बघा! हे सगळं आपल्याला कळलं कारण टाइम साप्ताहिकाचे जॉर्ज टेबर तिथे हजर होते, ते एकटेच पत्रकार, बाकी कोणी फिरकलंच नाही, निकाल सगळ्यांनी गृहीतच धरला होता. त्याच दिवशी रेडमध्येही कॅलिफोर्नियाचीच स्टॅग्ज लीप पहिली आली. एका दिवसाच्या निकालाने बरगंडी काही कमी प्रतीची ठरत नाही, तेच परीक्षक दुसऱ्या दिवशी बसले असते तर क्रम हललाही असता, पण त्या दिवसानंतर कॅलिफोर्नियाला कोणी हसलं नाही.

त्या १९७३ ची एक बाटली आता स्मिथसोनियनच्या अमेरिकन इतिहासाच्या म्युझियममध्ये आहे. ग्रगिच १९७७ मध्ये बाहेर पडून स्वतःच्या ग्रगिच हिल्स या वाइनरीच्या कामाला लागले आणि २०२३ च्या डिसेंबरात, शंभरी गाठून गेले.

प्रश्न : मी ऐकलं की ती जिंकलेली वाइन नापाची नव्हतीच?

उत्तर : पूर्ण नापाची नव्हती हे खरं, लपवलेलं मात्र नव्हतं. बरीचशी द्राक्षं शेजारच्या सोनोमा काउंटीतली होती आणि लेबलवर नापा आणि अलेक्झांडर व्हॅली अशी दोन्ही नावं होती, त्यातली अलेक्झांडर व्हॅली सोनोमात येते. हल्लीच्या नियमाने लेबलवर नुसतं नापा व्हॅली लिहायचं तर किमान ८५ टक्के द्राक्षं तिथली लागतात.

प्रश्न : (परत मामाच.) बाटलीच्या तळाशी काचेच्या चुऱ्यासारखं काहीतरी चमकतंय. आता ही तरी भेसळ ना?

उत्तर : नाही हो. ते टार्टरिक आम्लाच्या क्षाराचे खडे, वाइन खूप गार झाली की तळाशी बसतात आणि तुम्ही ती दोन दिवस गारठवली होतीत. चव नाही, अपाय नाही, फक्त दाताखाली कचकच लागते, तेव्हा शेवटचा अर्धा इंच ग्लासात ओतू नका.