पहिल्यांदाच फॅमिलीबरोबर स्कीइंगला जातोय, तिथे आजारी पडू नये किंवा लागू नये म्हणून काय काळजी घ्यावी?

तुम्ही लिहिलंय की रिसॉर्ट २७०० मीटरवर आहे, तुम्ही दोघं आणि दहा वर्षांची मुलगी आठवडाभर राहणार आहात आणि सगळ्यात जास्त धास्ती पडून हातपाय मोडायची आहे. त्यावर येतोच, पण माझ्या पाहण्यात बऱ्याच जणांची सुट्टी बिघडते ती पहिल्या दोन दिवसांत केलेल्या घाईमुळे. पैसे भरलेत ना, मग सकाळी उतारावर वर नेणारी पहिली लिफ्ट पकडायची आणि संध्याकाळी बंद होईपर्यंत उतरायचं नाही, असं चालतं लोकांचं.

आधी उंचीचं बघा. साधारण २५०० मीटरच्या वर मुक्काम केला की बऱ्याच जणांना डोकेदुखी, मळमळ, भूक न लागणं, तुटक झोप असलं काहीतरी होतं, आणि गंमत म्हणजे पोचल्या पोचल्या काहीच वाटत नाही, सहा ते बारा तासांनी सुरू होतं, त्यामुळे दुपारी उड्या मारणारा माणूस रात्री डोकं धरून बसतो. फिटनेसचा याच्याशी फारसा संबंध नाही, रोज पळणाऱ्यालाही होतं. जमलं तर वाटेत १५०० मीटरच्या आसपास एक रात्र काढा. नाही जमलं तर पहिला दिवस सामान भाड्याने घेण्यात आणि सोप्या उतारावर घालवा, पहिल्या एकदोन रात्री दारू आणि झोपेच्या गोळ्या नकोत. बहुतेकांना एकदोन दिवसांत बरं वाटतं, पण त्रास होतोय तोवर आणखी वर मुक्कामाला जायचं नाही. ॲसिटाझोलामाइड नावाची गोळी आधीपासून घेता येते पण ती डॉक्टरांना विचारूनच, सल्फा गटाच्या औषधांची ॲलर्जी असेल तर तेही सांगा. आणि हे मात्र पाठ करून ठेवा, कोणाचा चालताना तोल जायला लागला, काहीबाही बोलायला लागला किंवा नुसतं बसूनही धाप लागतेय असं झालं तर सकाळपर्यंत थांबायचं नाही, लगेच खाली उतरवायचं आणि दवाखाना गाठायचा. मुलं नीट सांगत नाहीत, मुलगी उगाच चिडचिड करतेय आणि जेवत नाहीये असं दिसलं तर ते थकव्यावर ढकलू नका.

पाण्याकडे लोक दुर्लक्ष करतात. थंडीत तहान कमी लागते, हवा कोरडी असते, श्वासातून पाणी जातं, वर लघवीही जास्त होते. बॅगेत बाटली ठेवा आणि तहान लागायची वाट बघू नका, प्रत्येक ब्रेकला दोन घोट घ्याच.

ऊन तर थंडीमुळे कळतच नाही. दर हजार मीटरला अल्ट्राव्हायोलेट किरणं साधारण १० टक्क्यांनी वाढतात आणि ताजा बर्फ त्यातली ८० टक्क्यांपर्यंत परत वर फेकतो, म्हणून हनुवटीखाली आणि नाकाच्या खालच्या बाजूलाही सनस्क्रीन लावायचं, एसपीएफ ३० तरी हवंच, दर दोन तासांनी पुन्हा. ओठांना एसपीएफवाला लिप बाम. ढग आहेत म्हणून गॉगल काढून फिरू नका, डोळे भाजले तर लगेच कळत नाही, काही तासांनी डोळ्यांत वाळू गेल्यासारखं खुपायला लागतं आणि मग दिवस दीड दिवस अंधाऱ्या खोलीत पडून राहावं लागतं.

कपड्यांत एकच नियम कडक पाळा, अंगाला लागून कॉटन नको. घामाने भिजलं की वाळत नाही आणि थांबलात की हुडहुडी भरते. मेरिनो लोकरीचं किंवा सिंथेटिक थर्मल, वर फ्लीस, वर वारा-पाणी अडवणारं जॅकेट, बास. मोजे एकच जोडी! दोन घातले तर ऊब जास्त मिळेल असं वाटतं पण बूट घट्ट होतो, रक्त नीट फिरत नाही आणि पाय जास्त गारठतात. गाल किंवा बोटं पांढरी पडून बधिर वाटली की आत जा, बोटं काखेत धरा, पण बर्फ चोळणं किंवा शेकोटीजवळ धरणं अजिबात नको, बधिर कातडी भाजली तरी कळत नाही.

आता तुमचा मूळ प्रश्न. स्कीइंगमध्ये सगळ्यात जास्त दुखापत गुडघ्याच्या लिगामेंटला (हाडं जोडून धरणाऱ्या पट्ट्याला) होते, म्हणून जायच्या सहा-आठ आठवडे आधीपासून स्क्वॉट, लंजेस, भिंतीला पाठ टेकून बसणं एवढं तरी करा. भाड्याचं सामान घेताना वजन, उंची, वय आणि स्की किती येतं हे खरं सांगा, कारण पडल्यावर बाइंडिंग, म्हणजे बूट स्कीला धरून ठेवणारा खटका, कधी सुटायचं याचं सेटिंग त्यावरूनच करतात, तिथे फुशारकी मारलीत तर पडल्यावर स्की सुटणार नाही आणि गुडघा पिरगळेल. हेल्मेट तिघांनाही. पहिले दोनतीन दिवस इन्स्ट्रक्टर लावा, नवऱ्याने बायकोला शिकवायचं धाडस तर करूच नका, त्यात दुखापत वेगळ्याच ठिकाणी होते. पडतोय असं वाटलं तर अडवायला पाय ताठ करू नका, आणि घसरणं थांबल्याशिवाय उठायला जाऊ नका. पडताना हातातला पोल, म्हणजे स्कीची काठी, सोडून द्या, तो मुठीत राहिला तर अंगठ्याचं लिगामेंट जातं. उतारावर तुमच्या पुढे, म्हणजे खाली जो असेल त्याला आधी वाट, हे मुलीलाही समजावून सांगा.

दुपारी मांड्या थरथरायला लागल्या की "चल, अजून एक शेवटची" म्हणू नका. तोवर बर्फही कधी मऊ कधी कडक झालेला असतो आणि पाय ऐकत नाहीत. लिफ्टने खाली यायला लाज वाटून घेऊ नका. तिसऱ्या दिवशी अंग सगळ्यात जास्त दुखतं, त्या दिवशी अर्धाच दिवस स्की ठेवा.

कोणाला दमा असेल तर इन्हेलर आतल्या खिशात ठेवा, इन्सुलिनही तसंच, गोठलं की वापरायचं नाही. हृदयाचा किंवा बीपीचा त्रास असेल तर तिकीट काढायच्या आधी डॉक्टरांशी बोला. आणि इन्शुरन्स घेताना त्यात स्कीइंग आणि डोंगरावरचा रेस्क्यू धरलाय का ते वाचून घ्या, बऱ्याच साध्या ट्रॅव्हल पॉलिसीत ते नसतं, आणि आखलेल्या पिस्टच्या (स्कीसाठी तयार केलेल्या उताराच्या) बाहेर गेलात तर तेही वेगळं विचारावं लागतं.